कागदाने पोट भरत नाही म्हणणाऱ्यांना

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात यंदा थायलंडच्या सहलीवर एक लेख आहे. लेखक माझे जुने स्नेही. तहसील कचेरीत हयात घालवून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. सहल कंपनीबरोबर ते उत्तरेला चिआंग राय आणि मे होंग सोनपर्यंत जाऊन आले. तिकीट काढून कायान लोकांचे गाव पाहिले, गळ्यात पितळी वेटोळी घातलेल्या बायकांबरोबर फोटो काढले, घासाघीस करून हातमागावरची एक शाल घेतली. इथवर ठीक. पण तिथल्या वाटाड्याकडून त्यांना कळले, की या डोंगरांतल्या लाखो लोकांना नागरिकत्व नाही आणि त्यामुळेच बायका-मुली दलालांच्या हाती लागतात, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते त्यांना मुळीच पटले नाही. त्यांनी लिहिले आहे: ‘मुलगी विकली जाते ती दारिद्र्यामुळे आणि आईबापांच्या लोभामुळे. एड्स होतो तो अज्ञानामुळे. यात ओळखपत्र कुठून आले? कागदाने पोट भरत नाही. आणि सरसकट कागद वाटायचे ठरवले तर देशाला सीमा कशाला हवी?’

मी फोनवरच वाद घातला. “उत्तर लिहा की, पुढच्या अंकात छापू,” म्हणाले. अंक वर्षातून एकदा निघतो. तेवढा दम धरवेना, म्हणून हे जाहीर उत्तर.

तहसीलदारसाहेब, सुरुवात तुमच्या फोटोपासूनच करू. ज्या बायकांशेजारी तुम्ही उभे आहात त्या मूळच्या म्यानमारच्या कायाह राज्यातल्या. तिथल्या लढाईतून जीव वाचवत त्यांची कुटुंबे १९८०च्या दशकापासून या बाजूला आली. २००८ साली त्यांच्यापैकी वीसेक जणांना न्यूझीलंड आणि फिनलंडने कायमचे घ्यायची तयारी दाखवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने शिफारस केली होती. थायलंडच्या अधिकाऱ्यांनी देश सोडण्याची परवानगी अडवून धरली. कारण काय, तर पर्यटनातून यांची कमाई बरी चालते, हे खरे निर्वासित नव्हेत. एका तरुणीने निषेध म्हणून गळ्यातली वेटोळी उतरवली. गावाला कुंपण नाही, पहारेकरी नाही, दोरखंड नाही, तरी बाई मनाला येईल तिथे जाऊ शकत नाही. तुम्ही लिहिता, ‘सगळ्या समाधानी दिसल्या.’ दिसणारच. तिकीट त्याचेच होते.

ही तस्करी नव्हे, हे मला मान्य आहे. पण कागद नसलेल्या माणसाचे तो आहे त्या जागी काय होते, ते इथे उन्हात स्वच्छ दिसते. आता त्याच माणसाला भुकेपोटी हलावे लागले तर काय होते, तिकडे वळू.

आखा, लाहू, लिसू, करेन, ह्मोंग, मिएन. थाई भाषेत या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, ‘चाओ खाओ’, म्हणजे डोंगरातले लोक. यांतले अनेक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, काही म्यानमार-लाओसकडून नंतर आलेले. १९५६ साली थायलंडने घरोघरची नोंद केली तेव्हा नोंदणी अधिकारी डोंगरावर पोचलेच नाहीत. १९६९-७०मध्ये डोंगराळ लोकांची वेगळी पाहणी झाली, तीही अर्धीमुर्धी. मग १९७२ साली लष्करी राजवटीने ३३७ क्रमांकाचा फतवा काढला: आईबाप परके आणि तात्पुरते राहणारे असतील, तर थायलंडच्या भूमीवर जन्मलेल्या मुलाचेही नागरिकत्व गेले. तो फतवा रद्द व्हायला वीस वर्षे लागली आणि त्याने केलेले नुकसान कायद्याने भरून द्यायला २००८ उजाडले. मधल्या काळात सरकारने रंगीबेरंगी कार्डे वाटली. एका सर्वेक्षणाचे एका रंगाचे, दुसऱ्याचे दुसऱ्या. रंग कोणताही असो, अर्थ हाच की तू इथला नाहीस, पण तू आहेस हे आम्हाला ठाऊक आहे.

यातली खरी मेख तुमच्या खात्यातल्या माणसाला लगेच कळावी. समजा एक आखा मुलगी. कोणा एकीची ही गोष्ट नव्हे, म्हणून नाव देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या बांबूच्या घरात सुईणीच्या हातून ती जन्मली. जन्म झाल्यापासून पंधरा दिवसांत कळवायचा असतो तो ‘अम्फो’त, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याच्या कचेरीत. कचेरी दिवसभराच्या वाटेवर. तिथली भाषा थाई, तिच्या बापाला येते ती आखा. बाप गेला नाही. मुलीचा जन्मदाखला नाही, म्हणून घराच्या नोंदवहीत नाव नाही. नोंदवहीत नाव नाही, म्हणून ओळखपत्र नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वारसाचे काय होते ते तुम्ही तीस वर्षे पाहिलेत, फरक एवढाच की इथे जमिनीऐवजी माणूसच कुणाच्या नावावर नाही.

आणि नोंद झाली म्हणजे सुटली असेही नाही. चिआंग माय प्रांतातल्या मे आय तालुक्यात फेब्रुवारी २००२मध्ये १,२४३ माणसांची नावे तालुका कचेरीने एका फटक्यात नोंदवहीतून खोडली. नोटीस नाही, म्हणणे ऐकून घेणे नाही. काल जो नागरिक होता तो सकाळी परका झाला. २००५मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. तीन वर्षे! लाल शाईचा पेन तुमच्याही टेबलावर असायचा. त्याने काय काय होऊ शकते याची तुम्हाला कल्पना आहे, म्हणूनच ‘कागदाने पोट भरत नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडी मला सहन झाले नाही.

तर ही आपली मुलगी सतरा वर्षांची झाली. अफूची शेती बंद झाली, जंगल राखीव झाले, जमीन तिच्या घराच्या नावावर होऊ शकत नाही. गरिबी आहेच, ती मी नाकारत नाही. तिला खाली मैदानात काम शोधायचे आहे. गरीब थाई मुलगी काय करते? एस.टी.सारख्या गाडीत बसते आणि चिआंग मायला जाते. आपल्या मुलीला तालुक्याबाहेर पडायलाच परवानगी लागते. डोंगरातून उतरणाऱ्या रस्त्यावर नाके आहेत, नाक्यावर पोलीस गाडीत चढतात आणि ओळखपत्र मागतात. म्हणजे तिला असा माणूस हवा, ज्याची नाक्यावर ओळख आहे. असा माणूस गावात येतोच. तो मुलगी विकत घ्यायला येत नाही, निदान तसे म्हणत नाही. तो रस्ता विकतो. त्या रस्त्याची किंमत तिच्या नावावर कर्ज म्हणून चढते आणि कर्ज फिटेपर्यंत ती त्याची.

दलाल आईबापांच्या हातावर जी रक्कम ठेवतो, तिला उत्तर थायलंडमध्ये ‘तोक खिआव’ म्हणत. शब्द शेतीतला. पीक उभे आणि हिरवे असतानाच सावकाराला आगाऊ विकून टाकणे. बीड किंवा नगरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, आपल्याकडे मुकादम ऊसतोड कामगाराला देतो तीच ही उचल. उचल घेणारा बाप लोभी असतो का? काही असतातही. पण ऊसतोड कामगाराच्या दारिद्र्यावर बोलताना तुम्ही त्याला लोभी म्हटल्याचे मला आठवत नाही.

आता तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण तुमच्या लेखात तो आलेला नाही. फायाओ प्रांतात दोक खाम ताय नावाचा तालुका आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या मुली मोठ्या संख्येने देहविक्रीच्या धंद्यात गेल्या, इतक्या की तालुक्याचे नावच बदनाम झाले. या मुली थाई होत्या. ओळखपत्र, नोंदवही, मतदानाचा हक्क, सारे त्यांच्याकडे होते. ‘तोक खिआव’ हा शब्दही त्याच भागात रुळला. मग कागदाने त्यांना कुठे वाचवले?

सुरुवातीला नाही वाचवले, खरे आहे. पण पुढे काय झाले तेही पाहा. लाम्फूनला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कारखान्यांना मुली हव्या झाल्या. नव्वदच्या दशकात सहावीनंतर मुलींनी शाळेत टिकावे म्हणून सरकारी शिष्यवृत्त्या निघाल्या. बँकॉकमध्ये दुकाने, हॉटेले, कचेऱ्या वाढल्या. मैदानातल्या थाई मुलींना दुसरी दारे उघडली आणि त्या त्यातून बाहेर पडल्या. कुंटणखान्यांत त्यांच्या रिकाम्या जागा डोंगरातल्या आणि म्यानमारमधून आलेल्या मुलींनी भरल्या. या मुली थाई मुलींहून जास्त गरीब होत्या म्हणून? तेही होतेच. पण कारखान्याच्या फाटकावर ओळखपत्र मागतात आणि कुंटणखान्याच्या दारात मागत नाहीत, हे तुम्ही हिशेबात धरणार की नाही? शिष्यवृत्ती नागरिकाला. शाळा सोडल्याचा दाखलाही बिनकागदी मुलीला धड मिळत नसे. २००५च्या सरकारी निर्णयानंतर कुठे शाळेची वाट तिला नीट मोकळी झाली. गरिबी दोघींचीही होती. एकीला गरिबीतून निघता आले.

बँकॉकच्या युनेस्को कार्यालयात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड फाइनगोल्ड यांनी या डोंगरांत अनेक वर्षे घालवली. डोंगराळ जमातीच्या मुलीसाठी तस्करीचा सर्वांत मोठा एकच एक धोका कोणता, तर नागरिकत्व नसणे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांचे सगळे म्हणणे मानावे असा माझा आग्रह नाही. अभ्यासकांचे सोडा, धंदेवाल्यांचीच साक्ष काढतो.

नव्वदच्या दशकात हजारो थाई बायका जपानला गेल्या. पारपत्र घेऊन, विमानाने, विमानतळावर शिक्का मारून. तिथे उतरल्यावर दलालाने पहिले काम काय केले? मारहाण नंतर. लाखो येनांच्या कर्जाचा आकडाही नंतर. आधी पारपत्र काढून घेतले. कागदाला काही किंमत नसती तर त्याने आधी पाकीट पाहिले असते. जिच्याकडे कागद आहे तिला तो आधी बिनकागदी करतो, मगच ती विकण्याजोगी होते. आखा मुलीच्या बाबतीत त्याचे हे पहिले काम सरकारने आधीच फुकटात करून ठेवलेले असते. तुम्ही आणि मी कागदाच्या किमतीवर वाद घालतो आहोत, साहेब. त्या धंद्यातल्या कुणालाही तो वाद नाही.

“पण मग पोलिसांकडे जावे की!” हे तुम्ही फोनवर म्हणालात. जुलै १९९३मध्ये दक्षिणेत रानोंगला पोलिसांनी कुंटणखान्यांवर छापे घातले आणि दीडशेच्या आसपास ब्रह्मी मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांच्यावर गुन्हे काय लागले? बेकायदा प्रवेश आणि देहविक्री. सोडवायला आलेल्यांनीच तुरुंगात नेले. ‘पळालीस तर पोलीस तुला धरतील’ अशी धमकी दलाल देतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, हीच अडचण आहे. एरवी जो कायदा मुलीची ढाल झाला असता, तो इथे दलालाच्या हातातली काठी होतो. पुढे थायलंडने २००८ साली तस्करीविरोधी कायदा केला, पीडितेला आरोपी समजू नये असे त्यात आले. चांगले झाले. तरी सुटकेनंतर तिला पाठवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. ‘तू कोणत्या देशाची?’ या प्रश्नाला जिच्याकडे उत्तर नाही, तिला निवारागृहातून घरी पाठवणे हीदेखील वर्षानुवर्षांची फाइल होते.

हे सारे परक्या देशातले म्हणून हात झटकू नका. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबईतल्या वेश्यावस्त्यांवर छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या कितीतरी होत्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला टाळाटाळ केली. या आमच्या नागरिक असल्याचा पुरावा काय? आणि यांच्याबरोबर एचआयव्ही येईल त्याचे काय? महिनोन्‌महिने मुली सुधारगृहांत राहिल्या. शेवटी काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्था पुढे झाल्या आणि १२८ जणींना घेऊन गेल्या. त्या दोन प्रश्नांत पुरावा आणि आजार कसे हातात हात घालून आलेत, ते पाहा. नागरिकत्व नाकारायला आजार पुरतो आणि इलाज नाकारायला नागरिकत्व.

आजाराकडे वळू. ‘एड्स अज्ञानामुळे होतो’ हे वाक्य तुमच्या लेखात दोनदा आहे. जून १९८९मध्ये थायलंडमध्ये पहिली देशव्यापी पाहणी झाली तेव्हा चिआंग मायच्या कुंटणखान्यांतल्या शंभरातल्या चव्वेचाळीस बायकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. सरकार हादरले, आणि याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे, हलले. राचबुरीत डॉक्टर विवात रोजनापिथायाकोर्न यांनी सुरू केलेला शंभर टक्के कंडोमचा कार्यक्रम १९९१पासून देशभर गेला. वर्षाला होणाऱ्या नव्या लागणी १९९१च्या सुमारे १ लाख ४३ हजारांवरून २००३मध्ये १९ हजारांच्या घरात आल्या. जगाने वाखाणलेले यश ते.

पण तो कार्यक्रम चालत होता कशावर? बाईने ठरल्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणीला यायचे, थाईत लिहिलेले-बोललेले समजून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे. यातली कोणती गोष्ट कर्जात बुडालेल्या, पोलिसांना घाबरणाऱ्या, थाई न येणाऱ्या मुलीला शक्य होती? १९९३मध्ये आशिया वॉच या मानवी हक्क संघटनेने थायलंडच्या कुंटणखान्यांतून सुटलेल्या तीस ब्रह्मी मुली-बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या एकोणीस जणींची तपासणी झालेली होती. चौदा जणींना लागण होती. ही आकडेवारी देशाची नव्हे, मूठभर बायकांची आहे. पण ‘अज्ञान’ म्हणून ती उडवून लावायची तर विचारावे लागेल, की माहिती असती तरी कोणत्या बळावर ती ‘नाही’ म्हणाली असती? कंडोम हा शेवटी सौदा आहे, आणि सौदा करायला दोन बाजू लागतात.

२००४ साली मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या एका संघटनेने थायलंडमधल्या ब्रह्मी आणि डोंगराळ बायकांवर अहवाल काढला. त्याचे नावच ‘दर्जा नाही’ अशा अर्थाचे होते. डॉक्टरांनी रोगाचे मूळ शोधताना शेवटी नोंदवहीपाशी येऊन थांबावे, हे मला फार बोलके वाटते.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. २००१-०२मध्ये थायलंडने ३० बातची आरोग्य योजना आणली. कोणताही आजार असो, सरकारी दवाखान्यात तीस बात ठेवा, उपचार घ्या. गरिबांच्या देशांत ही योजना आजही आदर्श म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण दवाखान्याला पैसे मिळत ते नोंदलेल्या थाई नागरिकांच्या डोक्यांमागे. थाई ओळखपत्रावर तेरा आकडी क्रमांक असतो. नोंदणीचा दर्जाच नसलेल्यांना जे ओळखक्रमांक पुढे दिले गेले ते शून्याने सुरू होतात. असा माणूस खिडकीशी उभा राहिला की योजनेच्या हिशेबात तोही शून्यच. सीमेवरचे दवाखाने माणुसकी म्हणून उपचार करीत आणि तूट सोसत. डॉक्टर चांगले होते. पण आजारी बाईने रोज कुणाच्या तरी चांगुलपणावर जगायचे? क्षयरोगाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, एचआयव्हीच्या तर जन्मभर. मध्येच खंड पडला की औषध बोथट होते. एकदा दाखवलेली दया तिथे पुरत नाही, तिथे नोंद लागते. मार्च २०१०मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे साडेचार लाख अशा लोकांना आरोग्य-संरक्षण दिले. ते साडेचार लाखही कोण, तर ज्यांची निदान कुठेतरी नोंद होती ते. जी एका कुंटणखान्यातून दुसऱ्यात हलवली गेली, जिची कुठल्याच पाहणीत गणती झाली नाही, ती त्यांत नव्हती.

आणि बाळंतपण? कागद नसलेली बाई दवाखान्याला घाबरते, घरीच बाळंत होते, म्हणून बाळाच्या जन्माचा पुरावा राहत नाही. आजीचा दाखला नव्हता, आईचा नाही, मुलीचाही नाही. दारिद्र्य पिढीजात असते असे आपण म्हणतो. इथे कचेरीच त्याची वारसनोंद करून देते.

राहिला सीमेचा मुद्दा. याला मी थोडक्यात उत्तर देतो, कारण तो मुद्दा थायलंडनेच निकालात काढला आहे. २०१८च्या जूनमध्ये फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक मे साय इथल्या गुहेत अडकले. जगभरचे कॅमेरे तिथे लागले. गुहेत पोचलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांशी ज्या मुलाने इंग्रजीत बोलणे केले, तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. आणखी दोन मुले आणि प्रशिक्षकही नव्हते. सुटकेनंतर महिन्याभरात चौघांना नागरिकत्व मिळाले. सीमा जागच्या जागी राहिली. मग २९ ऑक्टोबर २०२४ला मंत्रिमंडळाने ठरवले, की अशा सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांचे अर्ज वेगाने निकाली काढायचे. ज्या कामाला २७० दिवस लागत ते पाच दिवसांत. देश बुडेल असे ज्यांना वाटायला हवे होते, त्या सरकारलाच आता तसे वाटत नाही. तुम्ही पुण्यात बसून त्यांच्या सीमेची काळजी का करता?

तरीही माझे समाधान झालेले नाही, आणि ते का, ते तुमच्याइतके कुणाला कळणार नाही. निर्णय बँकॉकला होतो, अर्ज अम्फोच्या खिडकीवर येतो. आपली ती आखा मुलगी आता चाळिशीत आहे. असे समजू, की ती सुटून आली, गोळ्या घेते आहे, आणि अर्ज घेऊन रांगेत उभी आहे. जन्माचा पुरावा: सुईण वारली. जन्मगाव: वन खात्याने उठवले, आता त्या जागी झाडे आहेत. जन्माची साक्ष देणारे नातेवाईक: एक भाऊ, पण त्याच्याकडेही कागद नाही, त्यामुळे त्याच्याशी डीएनए जुळून उपयोग नाही. मधली वीस वर्षे कुठे होतीस, या रकान्यात ती काहीही लिहिणार नाही, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. अर्ज अपूर्ण आहे. खिडकीच्या आत, साहेब, तुम्ही बसला आहात. मागे रांग मोठी आहे आणि जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटे आहेत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिणार, तेवढे मला पुढच्या अंकाच्या आधी कळवा.